'केवळ'खाली पेन्सिल

निकालपत्र हातात आलं की अनेकजण आधी शेवटचं पान उलटतात. मी पेन्सिल घेऊन 'केवळ' शोधतो. संविधानाच्या अनुच्छेद १५मध्ये हा शब्द आहे: केवळ धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून राज्याने भेदभाव करायचा नाही. भेदभावविरोधी कायद्याचा अभ्यास म्हणजे पुष्कळदा अशा एखाद्या शब्दाच्या मागे लागणं.

परवा वर्गात एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मिर्झा हा १९८१चा निकाल काढला. नियम असे: हवाईसुंदरीने पस्तिशीला निवृत्त व्हायचं, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं किंवा पहिल्यांदा दिवस गेले, तर त्याआधीच. त्याच विमानातल्या पुरुष पर्सरचं निवृत्तीचं वय मात्र ५८. न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली, लग्नाची ठेवली. फरक केवळ लिंगावरून नाही. संवर्ग वेगळे, सेवाशर्ती वेगळ्या, असा न्यायालयाचा युक्तिवाद.

"पण सर, तो संवर्गच फक्त बायकांचा होता ना?" मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीचा आवाज आला.

मी पेन्सिल खाली ठेवली. तिने नेमकी जागा पकडली होती. समलैंगिक संबंधांविषयीच्या २०१८च्या नवतेज जोहर निकालात सर्वोच्च न्यायालयाचे न्या. चंद्रचूड यांनीही 'केवळ'चा हा अर्थ नाकारला.

अमेरिकेत कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९मध्ये जनरल मोटर्सविरुद्धचा खटला असाच उलगडून दाखवला. कृष्णवर्णीय स्त्रियांना न्यायालयाने सांगितलं होतं: कंपनीत स्त्रिया आहेत, म्हणजे लिंगभेद नाही, वंशभेदाचं गाऱ्हाणं दुसऱ्या खटल्यात मांडा, दोन्हींची सांगड घालता येणार नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ती सांगड २०२१मध्ये मान्य केली. खटला आंध्र प्रदेशातल्या जन्मांध दलित तरुणीवरच्या बलात्काराचा. जन्मठेप कायम राहिली, पण अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालची शिक्षा टिकली नाही. जुन्या कलमात गुन्हा जातीच्या 'कारणावरून' घडल्याचं सिद्ध करावं लागे. तेवढा पुरावा नव्हता. २०१६पासून जात 'ठाऊक असताना' गुन्हा केला, एवढं पुरतं. ही घटना २०११ची.

वहीत मी दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिले. आरोपी त्या मुलीच्या भावांचा मित्र होता, घरी येणंजाणं होतं. मनातल्या कारणाचा पंचनामा करता येत नाही. ओळखीला साक्षीदार मिळतात.