कोतवाल बुकातले पूर्वज

नागपूरच्या पूर्वेस असलेल्या कळमन्याचे नाव काढले की धान्य, मिरची आणि संत्री यांचा घाऊक बाजार डोळ्यांपुढे उभा राहतो. पंडित जवाहरलाल नेहरूंच्या नावाचे ते विस्तीर्ण आवार, दाराशी खोळंबलेले ट्रक, हमालांची धावपळ या साऱ्याखाली एक जुना मौजा दडलेला आहे, याचे स्मरण सहसा कोणास होत नाही. ज्यांना होते त्यांनाही ते हौसेने होत नाही. मुलाचा प्रवेश वा मुलीची नोकरी जात पडताळणी समितीच्या दाराशी अडते. मग पणजोबा कोणत्या मौजात राहत आणि त्यांच्या नावापुढे कारकुनाने कोणता शब्द लिहिला होता, हे शोधण्यासाठी सारे कुटुंब तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षाकडे धाव घेते. विदर्भात वंशशोध हा बव्हंशी असा सक्तीचा उद्योग झाला आहे.

वंशावळीची हौस महाराष्ट्राला नवी नाही. विसाव्या शतकात कित्येक घराण्यांनी आपले कुलवृत्तांत छापून घेतले. त्र्यंबकेश्वरी आणि गयेस तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानांच्या पिढ्या नोंदलेल्या असतात. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी दारोदार फिरून वंशावळी वाचून दाखवीत. परंतु तीर्थयात्रेस जाण्याची ऐपत ज्यांना होती, त्यांचीच नावे तीर्थाच्या वहीत चढली. कळमन्यासारख्या गावात दुसऱ्याच्या शेतावर राबणारा मजूर गयेस कधी गेला असेल?

याहून विलक्षण गोष्ट मॉरिशसची. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून करारबद्ध मजूर म्हणून तेथे गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जाऊन आपल्या मूळ पुरुषाची नोंद पाहू शकतात. नाव, बापाचे नाव, वय, जात, जिल्हा, गाव आणि पुढच्या काळातील मजुरांची तर छायाचित्रेही तेथे जपलेली आहेत. मळेवाल्यांना आपल्या मजुराची ओळख पटवून घ्यायची होती म्हणून हा खटाटोप झाला, त्यात ममत्वाचा अंश नव्हता. तरीही समुद्रापार गेलेला मजूर कागदावर शाबूत राहिला आणि घरी राहिलेला त्याचा भाऊ पुसट झाला, हे खरेच.

त्या पुसट झालेल्या माणसाची मध्य प्रांतात जी काही निशाणी उरली, ती कोतवाल बुकात. गावातील जन्म आणि मृत्यू यांची वर्दी पोलीस ठाण्यावर देणे हे कोतवालाचे काम असे. नागपूरकडे हे काम बहुतेक ठिकाणी महार समाजाकडे होते. ज्याला गावाने वेशीबाहेर ठेवले तोच गावातल्या प्रत्येक पाळण्याची आणि प्रत्येक तिरडीची खबर ठेवीत होता. त्याला स्वतःला बहुधा लिहिता येत नसे. तो सांगे आणि दुसरा कोणी लिही. मालगुजाराचा नातू आणि सालदाराचा पोर या वहीत एकाखाली एक येतात. इतकी समता त्या काळच्या दुसऱ्या कोणत्याही दप्तरात क्वचितच सापडेल.

पण ही वही वाचणे सोपे नाही. तीत जन्मलेल्या मुलाचे नाव पुष्कळदा नसते. बारसे व्हायच्या आधीच वर्दी गेलेली असे. अमुक वल्द तमुक, जात अमुक, मुलगा झाला, एवढीच नोंद. आडनावाचा पत्ता नाही, त्याची जागा जातीने घेतलेली. आता एका बापाला चार मुलगे झाले असतील, तर त्यांतला आपला आजोबा कोणता हे ठरवायचे कसे? त्यासाठी शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातील जन्मतारीख शोधावी लागते. ती गुरुजींनी अंदाजाने टाकलेली असली की दोन कागदांत वर्षा-दीड वर्षाचे अंतर पडते आणि त्या अंतरातच अनेकांचे दावे बुडतात. त्यात गावांच्या नावांचा घोळ वेगळा. एक कळमना नागपुराशी आहे आणि दुसरे चंद्रपूर जिल्ह्यात, बल्लारपूरजवळ. तहसील आणि हलका न पाहता केवळ गावाच्या नावावर विसंबणारा भलत्याच वंशाला जाऊन चिकटतो.

स्त्रियांची अवस्था याहून वाईट. वर सांगितलेल्या नोंदीत जन्म देणारीचे नाव कोठे आहे? जमिनीच्या कागदांत ती येते ती ‘जौजे’ म्हणून, म्हणजे कोणाची तरी बायको, किंवा ‘बेवा’ म्हणून, म्हणजे कोणाची तरी विधवा. नवरा जिवंत असेतो बहुधा तेवढेही नाही. तो मेला आणि मुले नाबालिग असली की एकाएकी ती दप्तरात अवतरते, अज्ञानांची पालनकर्ती म्हणून सही-अंगठा देते आणि मुलगा वयात आला की पुन्हा अदृश्य होते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात बापाच्या आधी आईचे नाव लिहावे असे महाराष्ट्र शासनाने ठरविले, ते योग्यच झाले. मात्र मागच्या पिढ्यांतील आयांचा शोध घ्यायचा तर या वैधव्याच्या वाटेनेच जावे लागते.

ज्यांच्याकडे जमीन होती त्यांचे काम तुलनेने सुकर. १८६० च्या दशकापासूनची बंदोबस्ताची दप्तरे, ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपल्यानंतरचे १९५४-५५ चे अधिकार अभिलेख आणि पुढील सातबारे यांतून तीन-चार पिढ्या सहज जुळतात. भूमिहीनाला ही वाट बंद. कायद्याने मात्र दोघांनाही एकाच तारखांनी बांधले आहे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या दिवशी कुटुंबाचे वास्तव्य कोठे होते, हे प्रत्येकाने दाखवायचे असते.

हा जाच सर्वांत तीव्रतेने भोगला तो नागपूरच्या विणकरांनी. त्यांच्या वाडवडिलांच्या नावापुढे कोठे हलबा, कोठे कोष्टी, तर कोठे हलबा-कोष्टी असे लिहिले गेले. लिहिणाऱ्याने जमात विचारली होती की धंदा, हे आता कोण सांगणार? सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००० रोजी निर्णय दिला की राष्ट्रपतींच्या आदेशातील शब्द आहे तसाच वाचला पाहिजे आणि हलबा-कोष्टी त्यात बसत नाहीत. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न मिटला. घराण्याच्या इतिहासाच्या दृष्टीने तो मिटलेला नाही, कारण एका शब्दाने माणसाचा पूर्वेतिहास सांगून होत नाही.

आणि कळमन्याच्या आसपास वसलेल्या छत्तीसगडी कुटुंबांचे काय? १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशची राजधानी होती. दुर्ग किंवा राजनांदगावकडून नागपुरास मजुरीसाठी आलेला माणूस आपल्याच राज्यात, आपल्याच राजधानीत येत होता. राज्य पुनर्रचनेने त्याच्या पाठीमागून सीमारेषा ओढली. त्याच्या नातवाला आज पुराव्यासाठी छत्तीसगडातील कचेरीत खेटे घालावे लागतात, आणि पुरावा मिळाला तरी दुसऱ्या राज्यातील म्हणून तो इकडे चालेलच असे नाही. त्या आजोबांनी सीमा ओलांडली नव्हती, सीमेने त्यांना ओलांडले.

२००१ च्या महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २३ नुसार जात सिद्ध करण्याचा भार दावा करणाऱ्यावर आहे. खोटे दावे पुष्कळ झाले हे लक्षात घेता त्यात वावगे काही नाही. परंतु ज्या कागदांनी ती सिद्ध करायची ते शासनाच्या ताब्यात आहेत. कसर लागलेली, दुमडीवर तुटलेली आणि कित्येक ठिकाणी अनुक्रमणिका नसलेली ती बाडे नागरिकाने कोणत्या हाताने शाबूत करावीत? मनात आणले तर शासनाला हे जमते, हेही दिसून आले आहे. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमल्यावर राज्यभरातील जुनी दप्तरे काही महिन्यांत उलगडली गेली, मोडी आणि उर्दू जाणणारे बसविले गेले आणि ५४ लाखांहून अधिक कुणबी नोंदी सापडल्याचे जाहीर झाले. मात्र ती लाखो पाने उलटली गेली ती एकच शब्द हुडकण्यासाठी. त्याच पानांवर तेली होते, महार होते, गोवारी होते, कोष्टी होते. त्यांच्या नोंदी नजरेखालून गेल्या आणि बाड पुन्हा बांधले गेले.

आता ती बाडे दुसऱ्यांदा सोडावी लागतील. यावेळी ती जातवार न पाहता गाववार पाहावीत, प्रत्येक मौजाच्या कोतवाल बुकाचे पानन् पान छायांकित करावे, बापाच्या नावावरून शोधता येईल अशी सूची करावी आणि ती कोणासही विनामूल्य पाहता यावी. शिरोरेषा तुटलेली, वळणदार अक्षरे वाचणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. कागद तर त्यांच्याही आधी जाईल.