फोर्ट कोची : अंमलामागून अंमल

चौघे मित्र मिळून एखादे जुने बंदर पाहावयास निघाले, म्हणजे कोणी सनावळी विचारतो, कोणी मासळीचा भाव विचारतो, कोणी केवळ सावली शोधतो, आणि या उलटतपासणीतून त्या स्थळाचे असे काही पदर उलगडतात की जे एकट्या प्रवाशाच्या दृष्टीस सहसा पडत नाहीत. एर्नाकुलम शहरासमोर, खाडीपलीकडे वसलेले फोर्ट कोची हे उपनगर अशा भटकंतीस विशेष अनुकूल आहे.

तेथे पुलावरून मोटारीने न जाता बोटीनेच जावे. १३४१ साली पेरियार नदीस आलेल्या महापुराने उत्तरेकडील मुझिरिस बंदर निकामी झाले आणि कोचीचे मुख मोकळे झाले, असे परंपरेने मानतात; तथापि त्या मुखाशी वाळूचा दांडा आडवा असल्याने मोठी जहाजे शतकानुशतके बाहेरच नांगर टाकीत. रॉबर्ट ब्रिस्टो या इंग्रज अभियंत्याने विसाव्या शतकात तो दांडा कापून काढला, आणि उपसलेल्या गाळाच्या भरावातून उभे राहिलेले विलिंग्डन बेट बोटीतून समोर दिसते.

काठावरील चिनी जाळी सर्वांच्या परिचयाची आहेत. सागवानी वासे व बांबू यांच्या सांगाड्यास टांगलेले ते अवाढव्य जाळे, दुसऱ्या टोकास दोरांना बांधलेल्या धोंड्यांच्या भारामुळे, पाचसहा माणसांस पाण्याबाहेर उचलता येते. एवढा खटाटोप करूनही पुष्कळदा हाती मूठभर मासळीच लागते, हे पाहून आमच्यातील एका हिशेबी गृहस्थास फार वाईट वाटले.

थोड्याच अंतरावर संत फ्रान्सिसचे देवालय आहे. पोर्तुगीजांनी ते प्रथम लाकडाचे बांधले व १५१६ च्या सुमारास दगडी केले. १५२४ मध्ये कोचीतच मरण पावलेल्या वास्को द गामाचे दफन येथे झाले, मात्र त्याच्या अस्थी पुढे पोर्तुगालास नेण्यात आल्याने आज येथे उरली आहे ती रिकाम्या कबरीची शिळा. १६६३ मध्ये डचांचा अंमल बसला, तेव्हा हे कॅथलिक देवालय प्रॉटेस्टंट झाले. १७९५ मध्ये इंग्रज आले, आणि पुढे ते अँग्लिकन झाले. राज्यकर्ते बदलत गेले, भिंती त्याच राहिल्या. मट्टनचेरीच्या राजवाड्याची कथा याहून गमतीची आहे : तो पोर्तुगीजांनी बांधून १५५५ च्या सुमारास कोचीच्या राजास नजर केला, डचांनी त्याची डागडुजी केली, आणि लोकांच्या तोंडी नाव मात्र ‘डच पॅलेस’ असेच बसले. डागडुजी करणाऱ्याच्या नावे सातबारा चढल्याचे हे उदाहरण आमच्यातील वकिलास भलतेच आवडले. तेथील शयनगृहाच्या भिंतींवरील रामायणाची चित्रे घाईघाईने पाहणे हा माझ्या मते अपराधच होय.

मराठी वाचकाने आवर्जून रेंगाळावे ते मट्टनचेरीजवळील चेर्लाई भागात. सोळाव्या शतकात गोव्यातील पोर्तुगीजांच्या धार्मिक जाचास कंटाळून दक्षिणेकडे उतरलेल्या गौड सारस्वतांना कोचीच्या राजाने आश्रय दिला. त्यांचे तिरुमल देवस्थान येथे आहे आणि कोकणी आजही कानी पडते. डच अधिकारी हेंद्रिक व्हान र्‍हेडे याने मलबारच्या वनस्पतींवर ‘होर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याप्रमाणेच रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या तिघा कोकणी वैद्यांनीही त्यास साहाय्य केले. त्या तिघांचे १६७५ सालचे नागरी लिपीतील साक्षपत्र अ‍ॅम्स्टरडॅम येथे १६७८ मध्ये छापलेल्या पहिल्या खंडात आहे. मराठी मुलखात नागरी मुद्रणाचा मागमूसही नव्हता त्या काळी आपली अक्षरे कोचीहून हॉलंडास पोहोचली होती, ही गोष्ट आपल्या शालेय पुस्तकांत यावयास हवी.

राजवाड्यालगतच १५६८ सालचे परदेशी यहुद्यांचे सिनगॉग असून, निळ्या रंगात हाताने चितारलेल्या चिनी फरशा त्याच्या जमिनीवर बसविल्या आहेत. इस्राएलच्या स्थापनेनंतर येथील यहुदी बहुतेक सारे निघून गेले. गल्लीत उरली आहेत ती मसाल्यांची व जुन्यापान्या वस्तूंची दुकाने, आणि त्यांतील ‘पुरातन’ मालाविषयी खरेदीदाराने थोडा संशय बाळगलेला बरा. राजवाडा शुक्रवारी आणि सिनगॉग शनिवारी बंद असते; तेव्हा मंडळी जमवून जाणाऱ्यांनी हे दोन वार टाळावेत.