हक्काचे कुंपण

राज्यघटनेच्या १९व्या कलमाने आपणांस भाषणस्वातंत्र्य दिले आणि त्याच कलमाच्या दुसऱ्या उपकलमाने त्याला कुंपणही घातले. एका हाताने द्यावे व दुसऱ्याने काढून घ्यावे, असा हा प्रकार आहे काय? मला तसे वाटत नाही. मात्र कुंपण कोण घालतो आणि किती उंच, हे पाहिले पाहिजे.

युरोपीय राष्ट्रांनी १९५० साली रोम येथे मानवी हक्कांचा करार केला. छळापासून मुक्तता हा हक्क त्यात निरपवाद आहे. अभिव्यक्तीवर मर्यादा घालता येते, पण ती कायद्यात सांगितलेली हवी, तिचा हेतू रास्त हवा आणि लोकशाही समाजात ती आवश्यक हवी.

आपल्याजवळचेच उदाहरण घेऊ. नोव्हेंबर २०१२ मध्ये, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरला दोन तरुणींना अटक झाली. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी एकीने फेसबुकवर मत लिहिले, दुसरीने ते पसंत केले, एवढेच. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६अ कलमात 'त्रास' हाही गुन्हा होता. त्रास म्हणजे काय, हे मात्र नव्हते. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात ते कलम रद्द केले. चर्चा निराळी, चिथावणी निराळी, हा भेद त्या निकालात आहे.

डोंबिवलीच्या आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. "काही लिहू नकोस, कोर्टकचेरी आपल्याला परवडायची नाही," असे वडील बजावतात. त्यांची भीती खोटी नाही. संदिग्ध कायदा गरिबालाच आधी गप्प करतो. म्हणून मर्यादा असाव्यात, पण स्पष्ट शब्दांत.