ख्रिस्ती ईश्वरविज्ञान आणि युवक व समुदायकार्य : इंग्लंडमधील एका संयुक्त अभ्यासपरंपरेचे स्वरूप

प्रस्तावना

इंग्लंडमधील काही महाविद्यालयांत ख्रिस्ती ईश्वरविज्ञान आणि युवक व समुदायकार्य हे दोन विषय एकाच पदवीत शिकविण्याची परंपरा निर्माण झाली. वरवर पाहता ही जोडी विसंगत वाटते. ईश्वरविज्ञान हे एका विशिष्ट श्रद्धेच्या परंपरेतून बोलते, तर युवककार्य हा सर्वधर्मीय व निधर्मी युवकांनाही खुला असलेला व्यवसाय आहे. ही दोन ज्ञानक्षेत्रे एकत्र का आली, ती एकत्र कशी शिकविली जातात आणि त्यातून कोणता नैतिक पेच उद्भवतो, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

इंग्लंडमधील युवककार्याचा उगम बव्हंशी धार्मिक प्रेरणेतून झाला. रॉबर्ट रेक्स यांनी १७८० मध्ये ग्लॉस्टर येथे रविवारच्या शाळेची चळवळ सुरू केली. आठवडाभर काम करणाऱ्या मुलांना तेथे अक्षरओळख व बायबलचे पाठ मिळत. १८४४ मध्ये जॉर्ज विल्यम्स यांनी लंडनमधील दुकानांत राबणाऱ्या तरुण नोकरांसाठी यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन स्थापन केली. १८८४ मध्ये सॅम्युअल बार्नेट हे धर्मगुरू व त्यांच्या पत्नी हेन्रिएटा यांनी पूर्व लंडनच्या गरीब वस्तीत टॉयन्बी हॉल उभारले. विद्यापीठातील तरुणांनी गरिबांच्या शेजारी राहून समाज समजून घ्यावा, ही त्यामागील कल्पना होती.

विसाव्या शतकात या कार्याला हळूहळू व्यावसायिक रूप आले. जोसेफिन मॅकअलिस्टर ब्रू यांच्या १९४६ मधील ग्रंथाने 'अनौपचारिक शिक्षण' ही संकल्पना युवककार्यात रुजविली. पुढे अल्बेमार्ल समितीच्या १९६० च्या अहवालामुळे प्रशिक्षित व पगारी युवककार्यकर्त्यांची गरज शासनाने मान्य केली आणि १९६१ मध्ये लेस्टर येथे त्यांच्यासाठी राष्ट्रीय प्रशिक्षण महाविद्यालय सुरू झाले. व्यवसायाला स्वतःची पात्रता व मूल्ये लाभली, तसा त्याचा धर्मसंस्थेशी असलेला संबंध सैल झाला. मात्र चर्चच्या वतीने युवकांत काम करणारे थांबले नव्हते. त्यांच्यापैकी अनेकांजवळ श्रद्धा होती, परंतु व्यावसायिक प्रशिक्षण नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी १९९० च्या दशकात ख्रिस्ती प्रशिक्षणसंस्थांनी ईश्वरविज्ञानाची पदवी आणि युवककार्याची मान्यताप्राप्त व्यावसायिक पात्रता एकत्र देणारे अभ्यासक्रम विकसित केले. २०१० पासून इंग्लंडमध्ये युवककार्याच्या व्यावसायिक पात्रतेसाठी किमान ऑनर्स पदवी आवश्यक ठरली.

अभ्यासक्रमाची रचना व पद्धती

अशा अभ्यासक्रमाचे सामान्यतः तीन घटक असतात. पहिला ईश्वरविज्ञानाचा: बायबलचे अध्ययन, चर्चचा इतिहास, सिद्धान्त व नीतिशास्त्र. दुसरा सामाजिक शास्त्रांचा: पौगंडावस्थेचे मानसशास्त्र, दारिद्र्य, वंश व लिंगभाव, कायदा व बालसंरक्षण. तिसरा क्षेत्रकार्याचा: विद्यार्थी युवक केंद्रात, वस्तीत किंवा चर्चमध्ये पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली काम करतो आणि त्या कामाचे मूल्यमापन होते.

हे घटक केवळ शेजारी ठेवले तर दोन अर्धवट पदव्या तयार होतील. त्यांना जोडणारा दुवा म्हणजे व्यावहारिक ईश्वरविज्ञानातील चिंतनचक्र. त्याचे एक मूळ बेल्जियमचे धर्मगुरू योसेफ कार्डाइन यांच्या कार्यात आढळते. १९२५ मध्ये त्यांनी तरुण कामगारांची ख्रिस्ती संघटना उभी केली आणि 'पाहा, पारखा, कृती करा' ही त्रिसूत्री दिली. पोप तेविसावे जॉन यांनी १९६१ च्या आपल्या परिपत्रकात तिचा पुरस्कार केला. या पद्धतीत सिद्धान्त आधी आणि त्याचे उपयोजन नंतर असा क्रम नाही. अनुभवापासून आरंभ होतो, समाजशास्त्राच्या साहाय्याने त्याचे विश्लेषण होते, श्रद्धेच्या परंपरेशी त्याचा संवाद घडतो आणि त्यातून नवी कृती ठरते. ती कृती पुन्हा अनुभव बनते व चक्र पुढे सरकते. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांचे कृती व चिंतन यांच्या ऐक्याविषयीचे विचार या अभ्यासक्रमांना जवळचे वाटतात, याचे कारण हेच होय.

मध्यवर्ती पेच

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. युवक केंद्रात नियमित येणारी पंधरा वर्षांची मुलगी प्रशिक्षणार्थीला विचारते, "मी रोज प्रार्थना केली, तरी माझी आई का गेली?" केवळ व्यावसायिक प्रशिक्षण घेतलेला कार्यकर्ता तिला समुपदेशकाचा पत्ता देईल. ते आवश्यकही असेल. पण तिचा प्रश्न अनुत्तरितच राहील. केवळ धर्मशिक्षण घेतलेला कार्यकर्ता तयार उत्तर देईल आणि कदाचित तिच्या दुःखाच्या क्षणी तिला चर्चकडे वळवू पाहील. तेथे विश्वासाचा भंग होतो. युवककार्याचा पाया स्वेच्छा सहभाग हा आहे. युवक आपणहोऊन येतो, आपणहोऊन जाऊ शकतो. त्याच्या असहायतेचा उपयोग कोणत्याही हेतूसाठी, तो हेतू कितीही उदात्त असो, करता येत नाही.

संयुक्त अभ्यासाची खरी कसोटी येथे लागते. ईश्वरविज्ञानाने विद्यार्थ्याला दुःखाच्या प्रश्नापुढे घाई न करण्याचे बळ द्यावयाचे असते. बायबलमधील ईयोबाच्या ग्रंथात ईयोबाचे मित्र तयार उत्तरे देतात आणि अखेरीस तेच चुकीचे ठरतात, हे त्याने वाचलेले असते. युवककार्य त्याला सत्तेचे भान देते: आपण प्रौढ आहोत, संस्थेचे प्रतिनिधी आहोत आणि समोरची मुलगी आपल्यावर अवलंबून आहे. दोन्ही शिक्षणे एकमेकांची मर्यादा दाखवितात. म्हणूनच ती एकत्र असावीत, असा या परंपरेचा युक्तिवाद आहे. टीकाकारांचा आक्षेपही दुर्लक्षणीय नाही. चर्च वेतन देत असेल, तर कार्यकर्त्याची निष्ठा युवकाशी राहील की संस्थेशी, हा प्रश्न अभ्यासक्रम सोडवू शकत नाही. तो केवळ विद्यार्थ्याला त्याची जाणीव करून देऊ शकतो. २०१० नंतर इंग्लंडमधील शासकीय युवकसेवांच्या निधीत मोठी कपात झाली. त्यामुळे धर्मसंस्थांच्या युवककार्यावरील भार वाढला आणि हा प्रश्न अधिक तीव्र झाला.

महाराष्ट्राशी असलेला संबंध

हा विषय आपल्याला सर्वस्वी परका नाही. शिकागो येथे ईश्वरविज्ञानाचे शिक्षण घेतलेले क्लिफर्ड मॅन्शार्ट १९२० च्या दशकात अमेरिकन मराठी मिशनच्या वतीने मुंबईत आले. नागपाडा या मिश्रधर्मीय कामगार वस्तीत त्यांनी नागपाडा नेबरहुड हाउस चालविले. १९३६ मध्ये तेथेच सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले आणि मॅन्शार्ट त्याचे पहिले संचालक झाले. १९४४ पासून ही संस्था टाटा सामाजिक विज्ञान संस्था या नावाने ओळखली जाते. भारतातील व्यावसायिक समाजकार्य शिक्षणाचा आरंभ अशा रीतीने एका ईश्वरविज्ञानाच्या अभ्यासकाच्या हातून झाला. पण संस्थेने जी विद्या दिली, ती कोणत्याही एका धर्माची नव्हती.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, ईश्वरविज्ञान व युवककार्य यांचा संयुक्त अभ्यास म्हणजे धर्मप्रसाराला दिलेली व्यावसायिक झालर नव्हे. निदान तो तसा असू नये. श्रद्धा बाळगणाऱ्या कार्यकर्त्याला स्वतःच्या श्रद्धेकडे चिकित्सकपणे पाहावयास लावणे, हे त्याचे प्रयोजन आहे. राष्ट्रीय सेवा योजना किंवा समाजकार्याचे क्षेत्रकार्य सांभाळणाऱ्या प्राध्यापकांनाही यातून एक मुद्दा घेता येईल. आपले विद्यार्थी वस्तीत जातात तेव्हा रिकाम्या मनाने जात नाहीत. जात, धर्म, विचारसरणी यांची शिदोरी त्यांच्यासोबत असते. ती नाकारण्यापेक्षा ती उघडून तपासण्याची शिस्त त्यांना देणे अधिक प्रामाणिक ठरेल. सेवा घेणाऱ्याचा विश्वास जपला जातो की नाही, हे बहुतांशी त्या शिस्तीवरच अवलंबून आहे.