घंटांचा तक्ता आणि मुलांचा कान

मी संगीतज्ञ नव्हे. सोलापुरातील भवानी पेठेत राहणारा एक सेवानिवृत्त शाळामास्तर आहे. माझ्या वर्गात प्रार्थनेच्या वेळी बेसूर गाणारा एक मुलगा होता. एके दिवशी मी त्याला सर्वांदेखत म्हणालो, "तू नुसते ओठ हलव." त्यानंतर तो माझ्यासमोर कधीच गायला नाही. ती चूक माझी होती, हे मला फार उशिरा उमगले. आणि ज्या साधनामुळे उमगले, त्याविषयी आज चार शब्द बोलणार आहे.

ते साधन म्हणजे हातघंटांचा संच व त्याबरोबरचा छापील तक्ता. इंग्लंडात हातघंटावादनाची जुनी परंपरा आहे. प्रत्येक घंटेचा स्वर एकच. वाजवणाऱ्याच्या हाती एक किंवा दोन घंटा, आणि गाणे मात्र सर्वांचे मिळून. मुलांच्या संचात बहुधा आठ रंगीत घंटा असतात. त्यांतून सा ते तार सा असे शुद्ध स्वरांचे सप्तक मिळते.

स्वर लिहून शिकवणे आपणांस परके नाही. मौलाबक्षांनी १८८६ साली बडोद्यास संगीतशाळा काढली, तेव्हाही स्वरलेखनाचा आधार घेतला होता. विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले. भातखंड्यांनी क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांत शेकडो चिजा स्वरलिपीत छापल्या. त्यांच्या लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, तार स्वरावर टिंब व मंद्र स्वराखाली टिंब असते. घरच्या तक्त्यावरही हीच चिन्हे घालावीत, म्हणजे मुलाला पुढे नवी लिपी शिकावी लागत नाही.

आता प्रत्यक्ष कृती. भूप रागात मध्यम व निषाद वर्ज्य, म्हणून तार सा धरून सहा घंटा पुरतात. तक्त्यावर चार ओळी आखाव्या व प्रत्येक ओळीत तीन घरे पाडावी: सा रे ग, रे ग प, ग प ध, प ध सां. प्रत्येक घराला त्या घंटेचाच रंग द्यावा. एकेका मुलाने एकेक घंटा घ्यावी, आणि वडील मंडळींपैकी कोणी टाळीने मात्रा मोजावी. आपले घर येईल तेव्हाच वाजवायचे, आणि लगेच घंटा छातीशी टेकवून नाद थांबवायचा. एरव्ही दोन स्वर एकमेकांत मिसळतात.

माझ्या घरी हा तक्ता भिंतीवर लावला, तेव्हा शेजारच्या यंत्रमागवाल्यांचा मुलगा म्हणाला, "आजोबा, ही तर चादरीची नक्षी!" खरेच, गंधाराचा रंग पहिल्या ओळीत तिसऱ्या, दुसरीत दुसऱ्या, तिसरीत पहिल्या घरात असा तिरपा उतरत होता. जॅकार्डच्या मागावर भोके पाडलेले पुठ्ठे कोणता ताणा केव्हा उचलायचा ते सांगतात. हा तक्ता कोणता स्वर केव्हा उचलायचा ते सांगतो.

घंटा नसतील तर चिनी मातीचे वाडगे चालतील. पाणी वाढवले की स्वर उतरतो, कमी केले की चढतो. आपल्या जलतरंगाचे तत्त्व तेच. पेटीशी ताडून वाडगे जुळवावे.

तथापि तक्ता म्हणजे गाणे नव्हे. घंटेतून मींड निघत नाही, आणि मींडेवाचून रागाला रूप येत नाही. म्हणून आठ-दहा दिवसांनी तक्ता उतरवावा. मग मुलाला शेजाऱ्याचा स्वर ऐकूनच आपली पाळी ओळखावी लागते. कान तयार होतो तो येथे. त्यानंतर तीच ओळ गळ्याने म्हणवून घ्यावी.

या खेळात सर्वांत मोठा लाभ मला असा दिसला की, न गाणारे मूलही गाण्याबाहेर राहत नाही. गंधार त्याच्या हाती असेल, तर त्याच्यावाचून ओळ पुरी होत नाही, आणि हे त्याला स्वतःला कळते. माझ्या त्या विद्यार्थ्याच्या हाती मी एक घंटा द्यावयास हवी होती, दिले मौन. आपल्या घरी असे मूल असेल, तर त्याला गप्प बसवू नका. त्याच्या वाट्याचा एक स्वर तेवढा त्याच्या हाती द्या.