थिएटरला जायचं की ओटीटीवर येईपर्यंत थांबायचं?

माझं उत्तर: सगळ्यासाठी नको, पण काही सिनेमांसाठी जायलाच हवं!

🎬 आवाज: 'सैराट'साठी (2016) अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ध्वनिमुद्रित केला होता. ती व्हायोलिन्स मोबाईलच्या स्पीकरमधून ऐकणं म्हणजे पुरणपोळी तुपाशिवाय खाणं. डॉल्बी अॅटमॉसमध्ये तर छतालाही स्पीकर असतात, त्यामुळे पाऊस खरोखर डोक्यावर पडतोय असं वाटतं.

👭 गर्दी: 'बाईपण भारी देवा'ला (2023) बायका नटूनथटून, ग्रुपने गेल्या. एकीला हसू फुटलं की अख्खी रांग हसते. ही मजा सोफ्यावर नाही.

💸 खर्च: इथेच घोडं अडतं. चौघांचं तिकीट, पॉपकॉर्न, पार्किंग म्हणजे खिशाला कात्रीच. म्हणून हे लक्षात ठेवा:

✔️ सकाळचा किंवा आठवड्यातल्या मधल्या दिवसाचा शो बहुधा स्वस्त पडतो.
✔️ सप्टेंबर 2025 पासून 100 रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी 5 टक्के, त्यावरच्या तिकिटावर 18 टक्के. जवळ एकपडदा थिएटर असेल तर दर बघाच.
✔️ बाहेरचं खाणं थिएटर अडवू शकतं, पण पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट द्यावंच लागतं आणि तान्ह्या बाळाचं खाणं नेता येतं. सर्वोच्च न्यायालयानेच 2023 मध्ये तसं सांगितलंय.
✔️ सीट पडद्यापासून साधारण दोन-तृतीयांश अंतरावर, मधोमध घ्या. चित्र आणि आवाज दोन्ही नीट मिळतात.

दोन खोल्यांतली संवादप्रधान गोष्ट घरी बघा. मराठी सिनेमा मात्र पहिल्याच आठवड्यात गाठा, कारण गर्दी नसली की शो लगेच कमी होतात.

तुम्ही शेवटचा कुठला सिनेमा थिएटरात पाहिलात? पैसे वसूल झाले का?