८३,८८,६०७ च्या पुढे काही नाही

आवाजाचे आकडे करून कॉम्प्युटरला देणारा ऑडिओ इंटरफेस २४ बिटवर चालत असेल तर त्याला माहीत असलेला सर्वांत मोठा धन आकडा आहे ८३,८८,६०७. सिंथेसायझरमधून आलेली लाट कितीही उसळली तरी इंटरफेस तिला याहून मोठा आकडा देऊ शकत नाही. तिथवर पोचलेली लाट सपाट कापली जाते. तिचा गेलेला माथा नंतर कॉम्प्युटरवर आवाज खाली ओढून परत येत नाही, कापलेली लाटच तेवढी लहान होते. गेनचा नॉब फिरवताना आपण ठरवतो ते इतकंच, की केबलमधला किती व्होल्टचा दाब या शेवटच्या आकड्याला टेकेल.

हे व्होल्ट तसे किरकोळच. स्टुडिओतल्या उपकरणांची ठरलेली पातळी +४ डीबीयू, म्हणजे सुमारे १.२३ व्होल्ट. घरगुती उपकरणांची −१० डीबीव्ही, म्हणजे ०.३१६ व्होल्ट, साधारण चौपट कमी. डीबीयूचं शून्य मात्र ०.७७५ व्होल्टवर बसलेलं आहे. असा अर्धवट आकडा कुणाला सुचला असेल? तो आला टेलिफोनच्या तारांतून. ६०० ओहमच्या भारात एक मिलिवॅट शक्ती पोचवायला नेमके इतके व्होल्ट लागतात, आणि टेलिफोनचे अभियंते याच भाषेत हिशेब करायचे. डेसिबल हे मापसुद्धा अमेरिकेतल्या बेल कंपनीच्याच अभियंत्यांचं, १९२० च्या दशकातलं. टेलिफोनचं ते जग मागे पडलं, ०.७७५ मात्र राहिला.

सिंथ जोडताना पहिला प्रश्न असतो तो कुठल्या वाटेने आत घ्यायचा हा. मायक्रोफोनकडून येतात जेमतेम काही मिलिव्होल्ट, म्हणून त्याच्या वाटेवर बसवलेला प्रीअँप ६० डेसिबलपर्यंत, म्हणजे हजारपट वाढ देऊ शकतो. सिंथ मुळातच व्होल्टच्या घरातला, त्याला ही मेहेरबानी नको. त्याच्यासाठी ‘लाइन’. ‘इन्स्ट’ लिहिलेलं बटण दिसलं की पुष्कळजण ते दाबून मोकळे होतात, सिंथ हेही वाद्यच ना! पण ते बटण असतं गिटारसाठी. गिटारच्या पिकअपला समोर दहा लाख ओहमच्या आसपासचा रोध मिळाला तरच तिच्या आवाजातली वरची चमक टिकते. सिंथला याची गरज नसते, आणि त्या वाटेने गेला तर तो लवकर क्लिप मात्र होतो, म्हणजे त्याचा माथा कापला जातो.

खरी गंमत तळाशी आहे. समजा एखादा इंटरफेस +१८ डीबीयूला काठोकाठ भरतो. म्हणजे लाटेचा माथा साधारण ८.७ व्होल्ट वर आणि तळ तितकाच खाली. या साडेसतरा व्होल्टच्या पल्ल्याच्या २४ बिटमध्ये १,६७,७७,२१६ पायऱ्या पडतात. एक पायरी जेमतेम एका मायक्रोव्होल्टची, एका व्होल्टचा दहा लाखावा भाग. आता टेबलावर नुसता पडलेला १० किलोओहमचा रेझिस्टर घ्या. कशालाही न जोडता, खोलीच्या साध्या तापमानाला, माणसाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यात तो स्वतःहून सुमारे १.८ मायक्रोव्होल्टची खरखर करत असतो. कारण तो गरम आहे. उष्णतेमुळे त्यातले इलेक्ट्रॉन सतत धडपडत असतात आणि त्या धडपडीचा दाब मोजता येतो. जॉन बी. जॉन्सन यांनी तो बेल प्रयोगशाळेत मोजला, हॅरी नायक्विस्ट यांनी त्याचं गणित मांडलं. दोघांचे लेख १९२८ चे. म्हणजे २४ पैकी अगदी शेवटच्या बिटांच्या वाट्याला संगीत येतच नाही, ते तापमानाच्या हालचाली टिपत बसतात. या साऱ्या विषयात मला याहून थक्क करणारं काही दिसत नाही.

मग क्लिप झाल्याचं दाखवणाऱ्या लाल दिव्याच्या अगदी काठापर्यंत लेव्हल नेण्याचा हट्ट कशासाठी? ती सवय टेपच्या आणि १६ बिटच्या काळातली. टेपची सळसळ झाकायची तर आवाज वर ठेवावाच लागे. आज −१८ डीबीएफएसवर (इथलं शून्य म्हणजे ८३,८८,६०७ ची हद्द) रेकॉर्ड करा, म्हणजे पूर्ण उंचीच्या एक अष्टमांशावर. तीन बिट वाया गेले असं वाटेल, पण उरलेल्या २१ बिटच्या पायऱ्या होतात २०,९७,१५२. सीडीच्या १६ बिटमध्ये सगळ्या मिळून ६५,५३६ असतात. म्हणजे आठव्या हिश्श्यातसुद्धा सीडीच्या बत्तीसपट पायऱ्या. युरोपच्या प्रसारण संघाने संदर्भपातळी म्हणून धरलेला आकडाही हाच, −१८.

वरचे सात हिस्से रिकामे का ठेवायचे, याचं उत्तर सिंथच्या स्वभावात आहे. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा एकमेकींपासून केसभर सरकल्या की आवाज हेलकावे घेऊ लागतो. सिंथमध्ये हेच मुद्दाम करतात. एक ऑसिलेटर (लाट निर्माण करणारा भाग) ४४० हर्ट्झवर आणि दुसरा ४४१ वर ठेवला तर दर सेकंदाला एकदा दोघांचे माथे जुळतात आणि लाट दुप्पट उंच होते, म्हणजे ६ डेसिबल वर. हाताने जोर वाढवलेला नसतो, तरी मीटर उडी मारतं.

आता आठ सूर एकदम. रोलंडचा ज्युपिटर-८ आठ स्वर एका वेळी वाजवतो आणि प्रत्येक स्वरामागे दोन ऑसिलेटर असतात. (मुंबईच्या चरणजीत सिंग यांनी १९८२ च्या त्यांच्या रागांच्या डिस्को तबकडीत वापरला तो हाच सिंथ.) आठही स्वरांचे माथे एका क्षणी जुळले तर लाट एका स्वराच्या आठपट होईल, म्हणजे बरोबर १८ डेसिबल. असा योग क्वचितच येतो, सरासरी शक्तीची वाढ साधारण ९ डेसिबलचीच असते. पण एका स्वराला −१८ वर बसवलं की हा दुर्मीळ योगसुद्धा जेमतेम मावतो. शिवाय फिल्टरचा रेझोनन्स आहेच. तो वाढवून फिल्टर सरकवत नेला की वाटेतला एखादा स्वरांश एकदम किंचाळून उठतो.

म्हणून लेव्हल लावताना गोड, मऊ आवाज निवडू नये. गेन सगळ्यात खाली ठेवावा आणि सिंथचा स्वतःचा व्हॉल्यूम बराच वर, कारण पुढे मिसळणारी खरखर तेवढीच राहते आणि मूळ आवाज तिच्यापुढे मोठा असलेला बरा. मग सर्वांत दांडगा प्रीसेट काढून दोन्ही हातांनी कॉर्ड धरायची, फिल्टर उघडायचा, रेझोनन्स चढवायचा. कॉर्ड काही सेकंद धरूनच ठेवायची, हेलकाव्यांचे माथे जुळायला वेळ लागतो. आता हळूहळू गेन वाढवायचा आणि सर्वांत उंच पीक −६ च्या खाली राहील असं पाहायचं. गेन तळाशी असूनही लाल दिवा लागत असेल तर सिंथचाच व्हॉल्यूम उतरवावा. युरोरॅक मॉड्यूलर सिंथ जोडणाऱ्यांवर ही वेळ येऊ शकते. तिथली लाट बहुधा १० व्होल्टची असते, वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत, म्हणजे +१३ डीबीयूच्या आसपास.

फाटका आवाजच हवा असेल तर? १९७० च्या मिनीमूग सिंथवर वादकांनी एक युक्ती काढली होती. हेडफोनच्या सॉकेटमधून निघालेला आवाज त्याच यंत्राच्या बाहेरून आवाज घेण्याच्या इनपुटमध्ये परत घालायचा. ट्रान्झिस्टर हळूहळू दबत जातात, लाटेचा माथा कापला न जाता गोलाईने वाकतो आणि आवाज जाड, खरबरीत होतो. हे सगळं इंटरफेसच्या अलीकडे घडतं, तिथे ८३,८८,६०७ ची हद्द नाही. फक्त ही तार जोडल्यावर लेव्हल बरीच बदलते, तेव्हा गेन पुन्हा एकदा खालून लावत आणावा लागतो.